'स्ट्रेंजर थिंग्ज'चा लपवलेला एपिसोड ७ जानेवारीला येणार होता, त्याचं काय झालं?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तुमचं इन्स्टाग्राम इंग्रजी सिरीजकडं थोडं जरी झुकलेलं असेल, तर एक रील तुमच्यापर्यंत पोचलंच असणार. नारंगी गाऊन घातलेली पोरंपोरी ओळीत खुर्च्यांवर बसलीयेत, सगळ्यांचे हात मांडीवर एकसारखे ठेवलेले, त्या हातांभोवती लाल गोल काढलेला आणि मागून एकजण दबक्या आवाजात विचारतोय, हे तुमच्या लक्षात आलं का?

विषय होता 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा. (पुढं शेवट सांगितलाय. बघायची राहिली असेल तर आधी बघून या, हा लेख कुठं जात नाही.)

सिरीजचा शेवटचा एपिसोड भारतात १ जानेवारी २०२६ ला सकाळी साडेसहाला आला. अमेरिकेत तेव्हा ३१ डिसेंबर होता. पब्लिक थर्टी फर्स्ट सोडून टीव्हीसमोर बसली, नेटफ्लिक्स काही वेळ गंडलं, दोन तासांच्या वर चाललेला एपिसोड संपला, लोक रडले, काहींनी शिव्या घातल्या. इथपर्यंत नेहमीचंच. पण दोन-तीन दिवसांत भलतीच चर्चा सुरू झाली. हा शेवट खरा नाहीच. खरा एपिसोड अजून यायचाय, तो ७ जानेवारीला येणार आणि नेटफ्लिक्सनं तो मुद्दाम लपवून ठेवलाय.

या थिअरीला नाव मिळालं 'कन्फॉर्मिटी गेट'.

कन्फॉर्मिटी म्हणजे चारचौघांसारखं वागणं, साच्यात बसणं. आणि 'गेट' हे शेपूट १९७२ च्या वॉटरगेट प्रकरणापासून कुठल्याही भानगडीला लावलं जातं. शिवाय सिरीजमध्ये दुसऱ्या दुनियेत जायच्या दारालाही गेटच म्हणतात. त्यामुळं नाव एकदम फिट्ट बसलं.

ज्यांनी सिरीज पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात हॉकिन्स नावाचं काल्पनिक गाव आहे. ६ नोव्हेंबर १९८३ च्या रात्री विल बायर्स नावाचा पोरगा सायकलवरून घरी जाताना गायब होतो. त्याला शोधताना त्याच्या मित्रांना इलेव्हन नावाची मुलगी सापडते. ती सरकारी प्रयोगशाळेतून पळालेली असते आणि मनाच्या ताकदीनं वस्तू हलवते. गावाखाली गावासारखीच एक अंधारी, सडकी दुनिया असते, तिचं नाव अपसाइड डाऊन. पुढं कळतं की या सगळ्यामागं हेन्री क्रील उर्फ वेक्ना आहे, तोही त्याच प्रयोगशाळेतून निघालेला. मॅट आणि रॉस डफर या जुळ्या भावांनी बनवलेली ही सिरीज १५ जुलै २०१६ ला सुरू झाली. पाच सीझन, ४२ एपिसोड आणि साडेनऊ वर्षं. पहिल्या सीझनला जो पोरगा सातवीत होता तो शेवट बघताना कॉलेज संपवून नोकरी शोधत होता.

शेवटच्या एपिसोडमध्ये वेक्ना मरतो. विलची आई जॉयस त्याच्यावर कुऱ्हाडीचे घाव घालते. अपसाइड डाऊन बॉम्बनं उडवलं जातं आणि इलेव्हन पळून न जाता तिथंच थांबते. मग कथा दीड वर्ष पुढं जाते. पोरं शाळेतून पास होतात, हॉपर जॉयसला लग्नाचं विचारतो, स्टीव्ह शाळेत पोरांना बेसबॉल शिकवतोय. (स्टीव्ह मरणार यावर तीन वर्षं पैजा लावणाऱ्यांनी आता त्या चुकवाव्यात.) सगळं कसं छान, नीट, आवरलेलं.

आणि हेच पब्लिकला खटकलं. जरा जास्तच आवरलेलं.

आता थिअरी काय होती ते नीट बघू, कारण तिला नुसतं हसून सोडून देणं बरोबर नाही. थिअरीचं म्हणणं असं की वेक्ना मेलाच नाही. दीड वर्षानंतरचं जे काही आपण बघतो तो वेक्नानं पोरांच्या डोक्यात चालवलेला भास आहे, आणि आपणही त्या भासाच्या आतच बसलोय.

हे हवेतून आलेलं नव्हतं. पाचव्या सीझनमध्ये वेक्ना अगदी हेच करतो. तो गावातली लहान मुलं उचलतो आणि स्वतःच्या मनातल्या एका सुंदर घरात ठेवतो. ऊन पडलेलं, जेवण तयार, प्रेमळ बोलणारा माणूस. माईकची धाकटी बहीण हॉली त्या घरात मजेत असते आणि तिचं शरीर मात्र भलतीकडं अडकून पडलेलं असतं. म्हणजे सुंदर आणि सुरक्षित दिसणारी जागा हाच सापळा असू शकतो, हे आपल्याला सिरीजनंच काही तास आधी शिकवलं होतं. मग शेवटची पंचेचाळीस-एक मिनिटं सुंदर आणि सुरक्षित निघाल्यावर लोकांना शंका आली तर त्यात लोकांचं काय चुकलं?

त्यात पुरावे सापडायला लागले. हात एकसारखे ठेवलेली पोरं दिसली, तर हेन्री असाच उभा राहतो असं सांगितलं गेलं. गाऊन नारंगी दिसले, तर शाळेचा रंग हिरवा असताना हे नारंगी कसे, असा प्रश्न आला. माईकच्या तळघरातल्या फळीवर खेळाच्या पुस्तकांच्या पाठी एका विशिष्ट क्रमानं वाचल्या तर 'एक्स अ लाय' असं काहीतरी जुळतं, म्हणजे 'हे खोटं आहे' असा संदेश! तारखेचाही हिशोब होता. पहिल्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये विल जो फासा टाकतो त्यावर सात पडतो. शिवाय ७ जानेवारीला रशियासारख्या देशांतल्या ऑर्थोडॉक्स चर्चचा नाताळ असतो, आणि या सीझनचे आधीचे भाग तर थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि थर्टी फर्स्टला आलेले.

टिकटॉक आपल्याकडं २०२० पासून बंद असल्यामुळं हे सगळं आपल्यापर्यंत रील आणि शॉर्ट्समधून आलं, म्हणजे आधीच छाटून, मसाला लावून. त्यात मूळ सांगणारा 'असं असू शकतं' म्हणाला असेल तर आपल्यापर्यंत येताना 'असंच आहे, कन्फर्म' होतं.

फॅन म्हणून माझं मत विचाराल तर यातला भासाचा मुद्दा दमदार होता आणि गाऊनच्या रंगाचा अगदीच पोकळ. शाळेच्या कार्यक्रमातले हात एकसारखे का? तर फोटोसाठी बसवलेल्या कुठल्याही ओळीत ते तसेच असतात. आपल्या शाळेचा दहावीचा ग्रुप फोटो काढून बघा, पहिल्या रांगेतल्या सगळ्यांचे हात गुडघ्यावर. वेक्नानं तुमची बॅच पण ताब्यात घेतली होती का?

पण लोक इतके सहज का पटले, याचं उत्तर रीलमध्ये नाही. ते सिरीजच्या पोटात आहे.

पहिला सीझन आठवा. विल गायब झाल्यावर काही दिवसांत खाणीतल्या पाण्यात त्याचं प्रेत सापडतं. पोलीस म्हणतात विल मेला. डॉक्टर, शेजारी, घटस्फोट झालेला नवरा, सगळे म्हणतात विल मेला. फक्त जॉयस म्हणते, हा माझा मुलगा नाही. ती घरभर नाताळच्या माळा लावते, भिंतीवर एबीसीडी रंगवते आणि दिव्यांशी बोलत बसते. गावाच्या लेखी बाई वेडी झालीय. आणि शेवटी बरोबर कोण निघतं? ती वेडी बाईच. प्रेत खोटं असतं, सरकारनं बनवून टाकलेलं.

म्हणजे 'स्ट्रेंजर थिंग्ज'नं पहिल्या दिवसापासून आपल्याला एकच धडा दिला, अधिकृत सांगितलेलं खोटं असतं आणि जो वेड्यासारखा खुणा शोधत बसतो तोच बरोबर असतो. साडेनऊ वर्षं हा धडा गिरवलेल्या माणसाला नेटफ्लिक्स म्हणतं 'मालिका संपली'. तो काय म्हणणार? तो माळा लावायला घेणार.

याची मुळं आणखी मागं जातात. डफर बंधूंनी ही सिरीज विकली तेव्हा तिचं नाव होतं 'मॉन्टॉक'. मॉन्टॉक हे न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडच्या टोकाचं खरं गाव. तिथल्या कॅम्प हिरो या जुन्या लष्करी तळावर सरकारनं मुलांवर मनाच्या ताकदीचे आणि कालप्रवासाचे प्रयोग केले अशी एक थिअरी फिरत असते. १९९२ मध्ये त्यावर पुस्तक आलं आणि ती आणखी पसरली. पुरावा शून्य. पुढं जागा बदलून काल्पनिक हॉकिन्स झालं, पण मूळ बीज तेच. आणि गंमत म्हणजे शेवटच्या एपिसोडमध्ये हॉपर पोलीसप्रमुख म्हणून ज्या गावाला जायचं म्हणतो ते गाव मॉन्टॉकच आहे. जिथून गोष्ट निघाली तिथं तिला परत पाठवलं. डफर बंधूंनी खरंच पेरलेली खूण बघायची असेल तर ती अशी असते. उघड आणि एका वाक्यात.

मॉन्टॉकची गोष्ट खोटी असली तरी तिच्या शेजारी एक खरी गोष्ट उभी आहे. तिचं नाव एमके अल्ट्रा. सीआयएनं १९५३ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. माणसाच्या मनावर ताबा मिळवता येतो का हे शोधण्यासाठी माणसांना, कित्येकांना तर न सांगता, एलएसडीसारखी औषधं दिली गेली. १९७३ मध्ये सीआयएच्या प्रमुखांनी, रिचर्ड हेल्म्स यांनी, याच्या फायली नष्ट करायला लावल्या. १९७५ मध्ये सिनेटच्या चर्च समितीच्या चौकशीत हे लोकांसमोर आलं आणि १९७७ मध्ये नष्ट व्हायच्या राहून गेलेल्या काही हजार कागदांचा गठ्ठा सापडला. इलेव्हनची आई याच कार्यक्रमात होती असं सिरीज सांगते.

म्हणजे एका बाजूला मॉन्टॉक, संपूर्ण थाप. दुसऱ्या बाजूला एमके अल्ट्रा, संपूर्ण खरं, आणि तेही सरकारनं खरोखर लपवलेलं. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. मग फरक कसा करायचा?

याचं उत्तरही पहिल्या सीझनमध्येच आहे, फक्त ते जॉयसकडं नाही, हॉपरकडं आहे. हॉपर आधी जॉयसवर विश्वास ठेवत नाही. मग त्याला शंका येते. तो शवागारात घुसतो, चाकू काढतो आणि विलचं प्रेत कापून बघतो. आत कापूस निघतो. बस, विषय संपला. आत आतडी निघाली असती तर हॉपर काय म्हणाला असता? मुकाट घरी गेला असता. कापायच्या आधी त्याला माहीत होतं की काय निघालं तर आपण बरोबर आणि काय निघालं तर आपण चूक.

कन्फॉर्मिटी गेटकडं असा चाकू होता. ७ जानेवारी ही तारीख. या बाबतीत ही थिअरी बहुतेक अफवांपेक्षा प्रामाणिक म्हणायला हवी. तिनं स्वतःला चूक ठरवायची सोय ठेवली होती.

तारीख आली. आपल्याकडच्या फॅन लोकांनी अमेरिकेच्या वेळेचा हिशोब करून ८ तारखेच्या सकाळी साडेसहाचा गजर लावला. नेटफ्लिक्स उघडताना काही जणांना पुन्हा एररचा मेसेज आला आणि त्याचाही पुरावा झाला, 'बघा, सर्व्हरवर लोड आलाय म्हणजे एपिसोड चढतोय'. खरं कारण साधं असू शकतं. लाखो माणसं एकाच मिनिटाला एकाच ठिकाणी दार वाजवायला लागली की दार हलतं. मग सिरीजच्या अधिकृत सोशल मीडिया अकाउंटवर एक ओळ दिसली, सगळे एपिसोड आता उपलब्ध आहेत. म्हणजे चाकू चालला. आत कापूस नव्हता.

बहुतेकांनी तिथं हात टेकले, मीम टाकली आणि पुढं गेले. पण एका गटानं जे केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी तारीख पुढं सरकवली. १२ जानेवारीला सिरीज कशी बनली याची डॉक्युमेंटरी येणार होती. मग म्हणे ती डॉक्युमेंटरी म्हणजेच लपवलेला एपिसोड, नाहीतर तिच्या पोटात तो असणार. अधिकृत अकाउंटवरच्या त्या ओळीचाही अर्थ काढला गेला, इतकं ठासून सांगतायत म्हणजेच काहीतरी लपवतायत.

इथं थिअरीची जात बदलते. ७ तारखेपर्यंत तो अंदाज होता. ८ तारखेनंतर पुरावा मिळाला तरी थिअरी खरी, नाही मिळाला तरी खरी, आणि समोरच्यानं नाकारलं तर अजूनच खरी. हा साचा तुमच्या ओळखीचा आहे. फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या त्या मेसेजच्या शेवटी असतं ना, 'हे तुम्हाला मीडिया दाखवणार नाही'? तेच यंत्र. मीडियानं दाखवलं नाही हाच तिथं पुरावा असतो. सिरीजच्या बाबतीत नुकसान एका सकाळच्या झोपेचं आहे. औषध, निवडणूक किंवा दंगल असा विषय असला की हेच यंत्र लोकांच्या जिवावर उठतं.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. १५ जानेवारी २०१७ ला बीबीसीवर 'शेरलॉक'च्या चौथ्या सीझनचा शेवट दाखवला गेला. फॅन लोकांना तो इतका गंडलेला वाटला की मुद्दाम खोटा शेवट दाखवलाय अशी थिअरी निघाली. पुढच्या रविवारी, २२ जानेवारीला, त्याच वेळेला बीबीसीवर 'ॲपल ट्री यार्ड' नावाची नवी मालिका होती. ती मालिका अस्तित्वातच नाही, ते फक्त झाकण आहे आणि त्याखाली 'शेरलॉक'चा खरा एपिसोड आहे, असं लोकांनी ठरवून टाकलं. रविवार आला. लागली ती 'ॲपल ट्री यार्ड'च, लुईस डॉटी यांच्या कादंबरीवरची, एमिली वॉटसन असलेली.

उलटा प्रकार 'लॉस्ट'चा. २३ मे २०१० ला ती संपली तेव्हा श्रेयनामावलीच्या मागं वाहिनीनं विमानाच्या अवशेषांची नुसती दृश्यं लावली. लोकांनी त्याला खूण समजून निष्कर्ष काढला की सगळे पहिल्या दिवसापासून मेलेलेच होते. सिरीजमध्ये एक पात्र अगदी स्पष्ट सांगतं की बेटावर घडलं ते खरं घडलं. आजही कुणाला विचारा, अर्धे लोक म्हणतील, 'ती ना, ज्यात सगळे मेलेले असतात ती?'

'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या फॅन लोकांकडं आणखी एक कारण होतं. आरडाओरडा केला की फरक पडतो हा त्यांचा अनुभव. २०१६ मध्ये बार्ब नावाचं छोटंसं पात्र पहिल्याच सीझनमध्ये मेलं आणि कुणाला पडलेली नव्हती. फॅन लोकांनी 'बार्बला न्याय द्या' म्हणत इंटरनेट डोक्यावर घेतलं. दुसऱ्या सीझनमध्ये बार्बच्या आईवडिलांना सत्य कळावं यासाठी वेगळा धागा आला आणि ती भूमिका करणाऱ्या शॅनन पर्सरला २०१७ मध्ये एमीचं नामांकन मिळालं. मग २०२२ मध्ये एडी मन्सन मेला तेव्हा फॅन लोकांनी पुन्हा जोर लावला. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात वेक्नाचा एक सरदार असतो, कास. तो रक्तपिपासू असतो आणि शेवटी वेक्नावरच उलटतो. एडीला वटवाघळांनी मारलं, म्हणजे तो कास बनून परत येणार! तीन वर्षं ही थिअरी सांभाळली लोकांनी. पाचव्या सीझनमध्ये एडीची कबर दिसली, एडी नाही. माझ्या मते आजवरची सगळ्यात सुंदर चुकीची थिअरी हीच. मूळ खेळात तिला आधार होता, पात्राला न्याय होता, आणि लेखकांनी वापरली असती तर शेवटच्या लढाईला जो जीव कमी पडला तो मिळाला असता.

होय, जीव कमी पडला. थिअरी खोटी ठरली म्हणून तक्रारी खोट्या ठरत नाहीत. शेवटच्या लढाईत डेमोगॉर्गन कुठं गेले? लिंडा हॅमिल्टनसारखी नटी घेऊन उभी केलेली डॉक्टर के, तिचं पुढं काय झालं? इतके सैनिक मारल्यावर दीड वर्षानं सगळे निवांत कसे, कुणावर केस नाही, चौकशी नाही? हेन्रीला ही शक्ती नेमकी मिळाली कशी याचं बरंचसं उत्तर तर 'द फर्स्ट शॅडो' या नाटकात आहे, ते २०२३ पासून लंडनला आणि २०२५ पासून न्यूयॉर्कला चालू आहे. म्हणजे शंका नेटफ्लिक्सवर आणि निरसनासाठी ब्रॉडवेचं तिकीट. गोष्टीचे तुकडे दुसरीकडं ठेवलेत हे एकदा खरं निघालं की एक अख्खा एपिसोड दुसरीकडं ठेवलाय हे पटायला वेळ लागत नाही.

आता १२ जानेवारीच्या डॉक्युमेंटरीकडं येऊ. 'वन लास्ट अॅडव्हेंचर' तिचं नाव. त्यात लपवलेला एपिसोड नव्हता, पण जे होतं ते कन्फॉर्मिटी गेटच्या मुळावरच येणारं होतं. सीझनचं शूटिंग सुरू झालं तेव्हा शेवटच्या एपिसोडची स्क्रिप्ट पूर्ण झालेलीच नव्हती. एकीकडं सेट उभे राहतायत, लोक काय बांधायचं ते विचारतायत, आणि लेखक खोलीत बसून शेवट काय करायचा यावर वाद घालतायत.

म्हणजे बघा. आपण पुस्तकांच्या पाठीवर संदेश वाचत होतो, घड्याळाचे काटे मोजत होतो, कारण आपण गृहीत धरलं होतं की इतका पैसा लावलेल्या सिरीजमध्ये फळीवरच्या पुस्तकापर्यंत सगळं ठरवून केलेलं असणार. आणि तिकडं मोठ्या गोष्टीच शेवटपर्यंत ठरत नव्हत्या.

मराठी डेली सोप बघणाऱ्या कुणाही मावशीला हे सांगायची गरज नाही. टीआरपी पडला की कथा वळते, नट सोडून गेला की पात्र परगावी जातं किंवा चेहरा बदलून येतं, हे तिला तोंडपाठ असतं. 'रात्रीस खेळ चाले' हीसुद्धा २०१६ चीच. पहिल्या भागात अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात, आणि २०१९ मध्ये दुसरा भाग येतो तो थेट अण्णा जिवंत असतानाचा. आता यावरून कुणी असं म्हणालं का की अण्णांचा मृत्यू हा भास होता? प्रेक्षकांना कळत होतं की वाड्याच्या गोष्टीत दम आहे म्हणून वाहिनी मागं जातेय. मालिका माणसं बनवतात, घाईत बनवतात, हे आपल्याला टीव्हीबद्दल मान्य असतं. नेटफ्लिक्सचा लाल लोगो दिसला की मात्र आपण ते विसरतो आणि ढिसाळपणालाही डावपेच समजतो.

एक गोष्ट मात्र मला रीलवाल्यांपैकी फारशी कुणी बोलताना दिसली नाही. सिरीजचा शेवट स्वतःच एक फॅन थिअरी आहे.

शेवटच्या दृश्यात पोरं माईकच्या तळघरात खेळायला बसतात, जिथं पहिल्या एपिसोडमध्ये बसली होती तिथंच. आणि माईक सांगतो की इलेव्हन मेली नसावी. तिच्यासारखीच शक्ती असलेली काली लोकांना भास दाखवू शकायची. तिनं मरता मरता इलेव्हनचा भास उभा केला असेल, तो भास आपण जाताना पाहिला, आणि खरी इलेव्हन कुणाला न दिसता निसटली. कुठंतरी लांब, धबधब्यांच्या प्रदेशात ती जगतेय. मित्र विचारतात, हे खरं कशावरून? माईककडं पुरावा नाही. मग एकेक जण म्हणतो, माझा विश्वास आहे.

डफर बंधूंनी मुलाखतींमध्ये याचं उत्तर द्यायचं टाळलंय, ते प्रेक्षकांवर सोडलंय. म्हणजे आवडत्या व्यक्तीचा शेवट मान्य नसलेली पाच पोरं एका खोलीत बसून, हाताशी आलेल्या तुकड्यांतून दुसरा शेवट तयार करतात, आणि त्यावर विश्वास ठेवायचं ठरवतात. चार-पाच दिवसांनी जगभरातल्या पोरांनी आपापल्या खोलीत बसून हेच केलं. फरक इतकाच की माईकनं तारीख दिली नाही आणि कुणाला खोटारडं म्हटलं नाही. त्याला फक्त मैत्रीण परत हवी होती. कन्फॉर्मिटी गेटवाल्यांनाही खरं तर तेच हवं होतं असं मला वाटतं. दहा-बारा वर्षांचे असल्यापासून सोबत असलेली गोष्ट संपली, त्यांना अजून एक एपिसोड हवा होता. गाऊनचा रंग हे निमित्त.

२०२६ साठी 'टेल्स फ्रॉम एटी फाइव्ह' नावाची ॲनिमेटेड मालिका जाहीर झालेली आहे. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनच्या मधल्या काळातली, म्हणजे त्यात इलेव्हन असणार, लहान आणि जिवंत. थिअरीवाले त्यातही गोल काढतील, काढू देत.

बाकी इलेव्हनचं विचाराल तर मी माईकच्या बाजूचा आहे, पण धबधब्यामुळं नाही. लष्कराकडं एक यंत्र होतं, त्याच्या आवाजानं इलेव्हनच्या शक्ती बंद पडायच्या. सीझनभर आपण बघितलं की तो आवाज चालू झाला की ती जमिनीवर कोसळते. शेवटी ती गेटपाशी उभी असते तेव्हा समोर लष्कर आहे, ती यंत्रं आहेत, आणि तरी ती माईकच्या मनात शिरून त्याचा निरोप घेते. माईकला स्वतःला हे दीड वर्षानं सुचतं. ती त्या गेटपाशीच मेली असं म्हणणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं, तो आवाज चालू असताना तिनं हे केलं कसं?